राखणदाराचं घर कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या वाचनाची चर्चा निघाली की सुपरहिरोंच्या कॉमिक्सवर एक आक्षेप हमखास येतो, की ही पुस्तकं सूड शिकवतात. बापाला कोणी मारतं, पोरगा मुखवटा चढवतो, मारेकऱ्याला हुडकून काढतो आणि शेवटची दहा पानं हाणामारी. यातून मुलानं घ्यायचं काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. आम्ही कॉमिक्सचं मराठी भाषांतर, संपादन आणि अक्षरांकन करणारी मंडळी आहोत आणि आमचं म्हणणं वेगळं आहे. दोष बऱ्याचदा मूळ गोष्टीत नसतो. मराठी आवृत्ती काढताना चित्रांच्या ज्या चौकटी गाळल्या जातात, तिथं तो शिरतो. कात्री सगळ्यात आधी लागते ती घरच्या चौकटींना. न्याहारी, झोपलेलं मूल, दारात उभी राहिलेली काकू. तिथं ‘काही घडत नाही’ म्हणून त्या जातात. घर गेलं की गोष्टीत नुसता सूड उरतो, आणि मग आक्षेप खरा ठरतो.

मराठी वाचकाला सर्वांत ओळखीचं उदाहरण वेताळाचं. ली फॉक यांचा फँटम १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वर्तमानपत्रांत सुरू झाला. मार्च १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्सनं भारतात त्याचे अंक काढले आणि मराठीत त्याचं नाव वेताळ झालं. हे नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. कोकणात आणि गोव्यात वेताळ म्हणजे गावाच्या वेशीवर रात्री फिरणारा राखणदार. आमोण्याला त्याचं देऊळ आहे. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून त्याला वहाणा वाहायची रीत आहे. ‘चालतं भूत’ अशी ख्याती असलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या एकाच जंगलाची राखण करणाऱ्या माणसाला याहून नेमका शब्द सापडला नसता. इंद्रजालनं आणखीही बदल केले. वेताळाच्या काल्पनिक देशाचं मूळ नाव बंगालशी घोटाळा करणारं होतं, ते डेंकाली झालं, आणि गोष्टीतल्या सिंग चाच्यांचे सिंगा चाचे झाले.

आता या गोष्टीतला सूड नीट पाहा. १५३६ साली चाचे एका जहाजावर हल्ला करतात, कप्तान मारला जातो आणि त्याचा मुलगा तेवढा वाहत किनाऱ्याला लागतो. पुढे त्याच किनाऱ्यावर त्याला एका चाच्याचं प्रेत सापडतं. अंगात कपडे त्याच्या बापाचे. म्हणजे मारेकरी आधीच मेलेला आहे, समुद्रानंच त्याचा निकाल लावलाय. सूड घ्यायला माणूसच उरलेला नाही. त्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून मुलगा शपथ घेतो, पण शपथेत मारेकऱ्याचं नाव नाही आणि सूड हा शब्दही नाही. चाचेगिरी, हाव, क्रौर्य आणि अन्याय या चार गोष्टींविरुद्ध आयुष्य घालवीन, आणि माझी मुलं, त्यांची मुलं हेच करतील, एवढंच तो म्हणतो. ही शपथ चालवायची तर मुलं हवीत, म्हणजे घर हवं. हा मुलगा पहिला वेताळ; त्याच्या वंशातल्या एकविसाव्या वेताळाचं डायना पामरशी लग्न १९७७ साली झालं आणि १९७९ मध्ये जुळी मुलं झाली, किट आणि हेलॉईज. डायना १९३६ सालच्या पहिल्याच कथेत आहे. तब्बल ४१ वर्षं चित्रपट्टीनं त्या घराची वाट पाहिली. भाषांतरात ‘मी माझ्या बापाचा सूड घेईन’ असं लिहून टाकलं की हा सगळा डोलारा एका वाक्यात कोसळतो. शपथेच्या चौकटीत हा शब्द चुकूनही येऊ देऊ नये.

भारतात मात्र ही गोष्ट पहिल्या दिवसापासून अर्धी होऊन येत राहिली, आणि त्याचं कारण साधं, हिशेबाचं आहे. वर्तमानपत्रातली रोजची पट्टी साधारण तीन चौकटींची. एक कथा २० आठवडे चालली आणि आठवड्याचे सहा दिवस धरले, तर १२० पट्ट्या, म्हणजे ३६० चौकटी होतात. अंकात गोष्टीला तीसेक पानं मिळत. पानाला सहा चौकटी धरल्या तर १८०. म्हणजे निम्म्या चौकटी बाहेर ठेवाव्याच लागतात. कात्री चालवणं हा गुन्हा नाही, ती कुठं चालवली हा प्रश्न आहे.

सर्वांत आधी जाव्यात त्या आठवण करून देणाऱ्या चौकटी. रोजच्या पट्टीची पहिली चौकट बहुधा कालचीच गोष्ट पुन्हा सांगते, कारण वाचकानं कालचा पेपर पाहिलेला नसू शकतो. पुस्तकात तिची गरज नाही. तेवढ्यानंच ऐंशी-नव्वद चौकटी मोकळ्या होतात. त्यानंतर प्रवास. घोडा दौडतोय, होडी निघालीय, विमान उतरतंय, यातली एक ठेवून बाकीच्या काढता येतात. मग हाणामारीतला दुसरा आणि तिसरा ठोसा. पहिला ठोसा आणि पडलेला माणूस ठेवला तर मधलं वाचक स्वतः भरतो, आणि हेच या माध्यमाचं बळ आहे. एवढं केल्यावर निम्म्याचा हिशेब जवळपास जुळतो. उरलेल्या वीस-पंचवीस चौकटींसाठी खरी डोकेफोड करावी लागते. पण वेळ नसला की हात नेमका उलट्या बाजूनं चालतो. हाणामारी ‘विकते’ म्हणून राहते आणि शांत चौकटी उडतात.

काय कधीच काढू नये, तेही सांगतो. एखादं माणूस गेल्यानंतरची पहिली चौकट, मग तिच्यात एक शब्दही नसो. पुढे परत येणारी वस्तू जिथं प्रथम दिसते ती चौकट. आणि नायक कोणाच्या तरी घरी खाली बसलेला असतो ती चौकट, कारण या कथांमध्ये नायक फारसा बसतच नाही.

वस्तूंबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. इंद्रजालच्या पहिल्याच अंकाची गोष्ट वेताळाच्या कमरपट्ट्याची होती. बापाचा मारेकरी बापाचा पट्टा घेऊन गेलेला आहे, आणि मुलगा त्याच्या शोधात निघतो. पट्टा बापाच्या कमरेला असलेली चौकट गाळली, तर पुढे तो दुसऱ्याच्या कमरेला दिसल्यावर वाचकाच्या पोटात खड्डा पडत नाही. कॉमिक्समध्ये घर असं वस्तूंमध्ये साठवलेलं असतं. बॅटमॅनच्या आईबापाचा खून प्रथम नोव्हेंबर १९३९ च्या अंकात आला, दोन पानांत आणि बारा चौकटींत, आणि त्यात चोराला हवा होता तो आईच्या गळ्यातला हार. १९८६ साली फ्रँक मिलर यांनी तोच प्रसंग पुन्हा मांडला तेव्हा हाराचे मोती तुटून विखुरताना छोट्या छोट्या मूक चौकटींत दाखवले. पानाला सोळा खणांची जाळी असल्यानं काळ जणू थिजून जातो. कमी रुंदीच्या आवृत्तीत असं पान बसत नाही म्हणून त्यातल्या चार चौकटी उचलल्या, तर उरतो तो फक्त बंदुकीचा बार.

घरची एक चौकट किती काम करते हे पाहायचं असेल, तर ऑगस्ट १९६२ मधली स्पायडर-मॅनची पहिली गोष्ट घ्या. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांची ती गोष्ट अवघ्या ११ पानांची आहे. सुरुवातीलाच सकाळची न्याहारी येते. काकू पीटरला त्याच्या आवडीचे घावन करून वाढते, आणि काका थट्टेनं म्हणतो की पोराला फार खाऊ घालू नकोस, आत्ताच कुस्तीत तो मला आवरत नाही. पुढे हाच मुलगा शंभर डॉलरसाठी कुस्तीच्या आखाड्यात उतरतो आणि तीन मिनिटं टिकायचं असताना पैलवानालाच उचलून वर चढतो. तिथून प्रसिद्धी, प्रसिद्धीतून ताठा, आणि ताठ्यातून पळणाऱ्या चोराला जाऊ देणं. काकाची थट्टा गाळली की आखाड्यातली कुस्ती उपरी वाटते आणि काकाही कागदीच राहतो. आणखी एक गोष्ट. काकाचा खून पानावर दाखवलेलाच नाही. पीटर घरी येतो तेव्हा दारात पोलीस उभा असतो आणि तो सांगतो. खून न दाखवता त्याचं ओझं वाचकावर टाकायचं, तर आधी घर दाखवलेलं असावंच लागतं. शेवटी पीटर मारेकऱ्याला पकडतो, चेहरा ओळखतो आणि पोलिसांच्या हवाली करतो. सूड हातात आलेला असताना तो घेत नाही. शक्ती आणि जबाबदारीचं ते प्रसिद्ध वाक्यही त्या गोष्टीत काकाच्या तोंडी नाही, शेवटच्या चौकटीतल्या निवेदनात आहे. मराठीत ते काकाच्या बोलण्याच्या फुग्यात घालायचा मोह होतो, तो टाळावा.

याच्या उलट उदाहरण पनिशरचं. फेब्रुवारी १९७४ मध्ये तो स्पायडर-मॅनच्या अंकात प्रथम आला तेव्हा त्याच्याकडे छातीवरची कवटी होती, बंदुका होत्या, पण घर नव्हतं. बायकोमुलांच्या खुनाची हकीकत १९७५ साली एका काळ्या-पांढऱ्या मासिकात सांगितली गेली. पहिलाच अंक वाचून थांबलेल्या वाचकाला तो निव्वळ खुनी वाटतो. त्यात वाचकाची चूक नाही, घराचं पान त्याच्या हाती पडलेलंच नाही.

आता छपाईच्या बाजूला येऊ, कारण पानं कापण्याचा निर्णय बहुतेक वेळा तिथं होतो. पिन मारलेल्या अंकाची पानं चारच्या पटीत असावी लागतात. अमेरिकी अंकाची गोष्ट बराच काळ २२ पानांची असे. ती २४ पानांत आरामात बसते आणि दोन पानं पत्रांना किंवा जाहिरातीला राहतात. खर्च कमी करायला अंक २० पानांवर आणला की गोष्टीतली दोन पानं जातात. इथं एक नियम प्रत्येक संपादकानं टेबलावर लिहून ठेवावा: पान काढायचं तर समोरासमोरची जोडी काढा, सुटं पान कधीही नको. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. विषम आकड्याचं पान उजवीकडे असतं, सम आकड्याचं ते उलटल्यावर डावीकडे येतं. चित्रकार धक्का राखून ठेवतो तो सम पानाच्या पहिल्या चौकटीसाठी. मधलं एक पान गेलं किंवा मध्येच एक जाहिरात घातली, की पुढची सगळी पानं बाजू बदलतात. दार उघडल्यावर आत काय आहे हे मुलाला पान उलटण्याआधीच कोपऱ्यातून दिसतं. गोष्ट ‘जमली नाही’ असं वाचक म्हणतो, पण का ते त्याला सांगता येत नाही.

मोबाइलवर उभ्या पट्टीत कॉमिक्स द्यायची पद्धत आता वाढते आहे. तिथं पान उलटणं नसतं, त्याची जागा रिकाम्या अंतरानं भरावी लागते. साध्या दोन चौकटींमध्ये बोटभर जागा पुरते, पण धक्क्याच्या आधी निदान पडद्याच्या उंचीएवढं कोरं अंतर सोडावं. सगळ्या चौकटी एकाच रुंदीला ताणल्या की लहान आणि मोठ्या चौकटीतला फरक पुसला जातो. घरातली छोटी, जवळची चौकट आणि छपरावरची मोठी चौकट सारखीच दिसू लागते.

भाषेच्या अडचणी याहून नाजूक आहेत. इंग्रजीतला अंकल आपल्याकडे काका, मामा, मावसा, आत्याचे यजमान यांपैकी कोणीही असू शकतो, म्हणून भाषांतराआधी घराण्याची वंशावळ कागदावर काढावी. बेन पार्कर हा पीटरच्या बापाचा भाऊ, तेव्हा तो काका आणि मे ही काकू. डायनाचा डेव्ह पामर हाही आडनावावरून काकाच. हिंदीतल्या राज कॉमिक्सच्या डोगा या नायकाची गोष्ट मुंबईतच घडते. कचऱ्यात सापडलेल्या त्या मुलाला पुढे अदरक, हल्दी, धनिया आणि कालीमिर्च असे चार चाचा मिळतात. मराठीत आणताना ते चाचाच राहिले पाहिजेत. ज्याला रक्ताचं कोणी नाही त्याला मिळालेली ती नाती आहेत आणि मुंबईच्या गल्लीत ती तशीच हाकारली जातात.

तू आणि तुम्ही हे आधीच ठरवून घ्यावं लागतं. वेताळ म्हाताऱ्या टोळीप्रमुखाला तुम्ही म्हणेल, बायकोला तू म्हणेल. मारेकऱ्याशी बोलताना सुरुवात तुम्हीनं झाली असेल, तर ओळख पटल्याच्या चौकटीत तो तूवर येतो, आणि हे काम इंग्रजीत ठळक अक्षरांना करावं लागतं. मराठीला ते एका सर्वनामात साधतं. ही संधी आहे, ती पहिल्या पानापासून सगळ्यांना अरे-तुरे करून घालवू नये.

सूडाला आपल्याकडे शब्द पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचं वजन वेगळं आहे. सूड उगवतात, बदला घेतात, उट्टं काढतात, पारिपत्य करतात, हिशेब चुकता करतात. उट्टं काढायला अपमान पुरतो, त्याला खून लागत नाही. पारिपत्य हा राजाचा किंवा अधिकाऱ्याचा शब्द, त्यात शिक्षेचा अधिकार गृहीत असतो. गल्लीतल्या पोराच्या तोंडी तो शोभत नाही, पण वेताळाच्या जंगलातल्या न्यायाला चपखल बसतो. पूर्ण अंकात सूड हा शब्द तीनदाच येईल अशा बेतानं आम्ही कच्चा मसुदा तपासतो. दर फुग्यात आला तर चौथ्या पानावर त्याची धार जाते.

तोंडचं वाक्य अर्ध्यात तुटण्याची जागा तर फार फसवी असते. सूडकथेत मरता मरता कोणीतरी खुन्याचं नाव सांगायला जातो आणि नेमका तिथंच थांबतो. इंग्रजीत क्रियापद आधी येतं आणि नाव शेवटी, म्हणून नाव गिळता येतं. मराठीत नाव आधी येतं आणि क्रियापद शेवटी. शब्दाला शब्द लावला तर नाव उघड होतं आणि तुटतं ते फक्त ‘मारलं’. वाक्य उलटवून घ्यावं: ‘ज्यानं मारलं तो… तो…’. नकाराचंही तसंच. ‘मी त्याला मारलं नाही’ यातला नाही शेवटी येतो. फुगा अरुंद असेल आणि नाही एकटा खालच्या ओळीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे पुढच्या फुग्यात गेला, तर मूल कबुली वाचतं. अशा वाक्यात ‘नाही, मी नाही मारलं त्याला’ असं करून नकार वर आणावा.

आवाजांचं भाषांतर तर सर्रास निष्काळजीपणे होतं. जून १९७३ च्या स्पायडर-मॅनच्या अंकात त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून पडते आणि स्पायडर-मॅन जाळं टाकून तिला धरतो. तिच्या मानेजवळ ‘SNAP’ असा एक बारीकसा आवाज लिहिलेला आहे, एवढाच. ती पडून मेली की वाचवण्याच्या झटक्यानं, हा सगळा प्रश्न त्या चार अक्षरांत आहे. मराठीत तिथं ‘कट्’ असं लहान, मानेला लागून लिहायला हवं. चौकट भरून ‘धाड!’ लिहिलं तर प्रश्नच संपला. पुढच्या महिन्याच्या अंकात तो तिला ढकलणाऱ्या ग्रीन गॉब्लिनला मरेस्तोवर मारायला निघतो आणि ऐन वेळी हात आवरतो. गॉब्लिन आपल्याच उडत्या यानानं मरतो आणि त्यातून नायकाला काही मिळत नाही. मग शेवटचं पान येतं. त्याची मैत्रीण मेरी जेन दारापर्यंत जाते, थांबते, दार आतून लावून घेते आणि त्याच्यापाशी राहते. लढाई संपल्यावरचं हे पान म्हणून ‘वाढीव’ वाटतं, आणि जागा कमी पडली की तेच उडतं. त्या दोन अंकांतलं सगळ्यात मोलाचं पान आमच्या मते हेच.

आता अक्षरांकन. इंग्रजी फुग्यात सगळी मोठी लिपी, एका उंचीची. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. इंग्रजी साडेसात पॉइंट असेल तर मराठी साडेनऊ ते दहा पॉइंट लागतं आणि ओळींतलं अंतर तेरा. अडीच सेंटिमीटर उंचीच्या फुग्यात कडेची जागा सोडून इंग्रजीच्या सात ओळी बसतात, मराठीच्या चार. त्यात आपले शब्द प्रत्यय चिकटून लांब होतात. ‘मारेकऱ्याला’ हा एकच शब्द उभट फुग्याची अख्खी ओळ खातो. अक्षर बारीक करून हे सुटत नाही, त्यानं फक्त वाचणारा दमतो. वाक्य छोटं करावं, नाहीतर फुगा दहा टक्क्यांपर्यंत आडवा वाढवावा. मात्र तो चेहरा, हात आणि ती परत येणारी वस्तू यांवर कधीही सरकू देऊ नये. शब्द तोडून जोडरेघ देणं मराठी फुग्यात वाईट दिसतं.

फाँट निवडताना आधी चार शब्द लिहून पाहावेत: मारेकऱ्याला, सुऱ्या, दऱ्या, दर्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधून मजकूर बदलून आणला की ऱ्य हमखास बिघडतो. वेताळाच्या गोष्टीत चाचे दर्यात फिरतात आणि नायक दऱ्यांत लपतो. एका अक्षरखुणेनं जहाज डोंगरात जातं. पान जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी चालू करून भाषा मराठी निवडावी, नाहीतर वेलांटी भलत्या अक्षरावर बसते आणि ल आणि श हिंदी वळणाचे येतात. इंग्रजीत जोर द्यायला अक्षर जाड आणि तिरकं करतात. देवनागरी तिरकी केली की नजरेला खटकते, त्यासाठी नुसतं जाड पुरे.

छपाईत शेवटचा घात रात्रीच्या प्रसंगांचा होतो. जुन्या पुस्तकांत निळी, लाल आणि पिवळी या तीन शाईंच्या चार-चार पायऱ्या वापरून ६४ रंग काढत. मर्यादा होती, पण चेहरे सपाट, उजळ राहत. आता संगणकावर गडद छटा भरतात आणि तेच पान न्यूजप्रिंटवर छापतात. कागद शाई पितो, ठिपके पसरतात, वेताळाचा जांभळा पोशाख, गुहा आणि झोपलेली मुलं सगळं एक डाग होतं. चार शाईंची बेरीज २४० टक्क्यांच्या आत ठेवावी, चेहऱ्यावर काळी शाई शक्यतो टाळावी. मजकूर फक्त काळ्या शाईत आणि रंगावर थेट छापला जावा. तो चार रंगांत गेला आणि एक रंग केसभर सरकला की अनुस्वार बुजतो, ‘मारलं’चं ‘मारल’ होतं.

आपल्याच भूमीतलं एक उदाहरण सांगतो, कारण ते फार थोडे आठवतात. डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालनं आबिद सुरती यांचा बहादूर आणला, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. भगवा कुडता, खाली जीन्स, अंगात कुठलीही अद्भुत शक्ती नाही. बाप डाकू, पोलिसांच्या हातून मेलेला. ज्या अधिकाऱ्यानं बापाला मारलं त्याच्यावर सूड उगवायला निघालेला हा मुलगा पुढे त्याच्याच बाजूला उभा राहतो आणि जयगढमध्ये नागरिक सुरक्षा दल उभारतो. सूड सोडून राखणीकडे वळणारा नायक आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वी, मुलांच्या खिशाला परवडणाऱ्या अंकात येऊन गेला. त्याचे मराठी अंक पुन्हा काढायचे कोणाच्या मनात असेल, तर पहिली गोष्ट पूर्ण काढावी. घरच्या चौकटी गाळल्या, तर बहादूर कशावरून कशावर येतो हे उमगत नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे आमची मागणी मोजकी आहे. मुलांच्या पुरवणीत चित्रपट्टी देत असाल तर तीन चौकटींच्या पट्टीला निदान १८ सेंटिमीटर रुंदी द्यावी. त्याहून अरुंद पट्टीत अक्षर सात पॉइंटच्या खाली जातं आणि अनुस्वार भरून येतात. जाहिरात आली म्हणून शेवटची चौकट कापू नये, त्यापेक्षा त्या दिवशी पट्टी देऊच नये आणि दुसऱ्या दिवशी दोन द्याव्यात. परीक्षण लिहून घेताना परीक्षकाला मूळ पानसंख्या आणि मराठी आवृत्तीची पानसंख्या दोन्ही छापायला सांगावं, वाचकाला फरक आपोआप कळेल. आणि रविवारी अर्धं पान मिळालं तर ते घडीच्या वर द्यावं. घडीवर आलेली चौकट पेपर घरोघरी पोचेपर्यंत घासली जाते, आणि अर्ध्या पानाच्या मांडणीत घडीवर येते ती बहुधा मधली, बोलणं नसलेली चौकट.

आपले,
मराठी कॉमिक्सचे भाषांतरकार, संपादक आणि अक्षरांकनकार